बाथरूमच्या छताचा पोपडा पुन्हा पडला? प्लास्टरवाल्याला बोलावण्याआधी एवढं तपासा

डोंबिवली, ठाणे, वसई पट्ट्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या दुरुस्त्या करण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "दोन वर्षांपूर्वीच केलं होतं हो, परत पडलं." पडलेलं असतं छताचं काँक्रीट, सांगणारा म्हणतो प्लास्टर. मग बोलावला जातो प्लास्टरचा मिस्त्री. तो त्याचं काम करून जातो, दोन पावसाळे बरे जातात आणि तिसऱ्याला पुन्हा फोन.

लक्षणं कुठली

हा आजार एका दिवसात येत नाही. आधी छताचा रंग फुगतो, बोट लावलं की पांढरी पूड हाताला येते. याला आपण लोणा लागला म्हणतो. इथवर फक्त ओल आहे, सळईला काही झालेलं नसू शकतं. त्यानंतर तपकिरी डाग येतात. डाग गोल, पसरलेला असेल तर तो वरून झिरपणाऱ्या पाण्याचा असू शकतो. पण तो सरळ रेषेत, पट्टीने ओढल्यासारखा असेल तर ती रेष म्हणजे आतली सळई. मग त्याच रेषेवर केसासारखा तडा जातो. सहा-सहा इंचांवर एकमेकांना समांतर असे तीन-चार तडे दिसले तर स्लॅबमधलं स्टील कसं बांधलंय याचा नकाशाच छतावर उमटला म्हणायचा. पुढची पायरी म्हणजे छत पोकळ वाजतं, आणि शेवटी एके रात्री वाटीएवढा नाहीतर ताटाएवढा तुकडा धाडकन खाली.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ताज्या काँक्रीटचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, साडेबारा-तेराच्या घरात असतो. इतक्या अल्कलीत सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत गेला की हा पीएच नऊच्या खाली येतो आणि थर जातो. दुसरा शत्रू मीठ, म्हणजे क्लोराइड. ते पीएच चांगला असतानाही हा थर जागोजागी भोसकतं. आपल्या खाडीकाठच्या भागात ते समुद्राच्या वाऱ्यातून येतं, आणि जुन्या कित्येक इमारतींत तर खाडीच्या रेतीतून पहिल्या दिवसापासून आतच बसलेलं आहे. एकदा गंज धरला की तो मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. ती त्याला मिळते ती खालचं काँक्रीट ढकलूनच. त्यामुळे वरून कितीही चांगलं प्लास्टर मारा, आतला गंज ते ढकलणारच.

फुकटातल्या तपासण्या

पडलेला तुकडा कचऱ्यात टाकू नका. उलटा करून बघा. मागची बाजू सपाट, आत नुसती रेती-सिमेंट, खडीचा एकही दाणा नाही आणि जाडी अर्धा इंच, तर पडलं ते खरंच प्लास्टर. ओल बंद करून नवीन प्लास्टर केलं तरी चालेल. पण तुकड्यात खडी दिसतेय आणि मागे नळीसारखी अर्धगोल खाच आहे, तिच्यात तांबूस पापुद्रे चिकटलेत, तर ते कव्हर आहे, म्हणजे सळईला खालून झाकणारा काँक्रीटचा थर. मग खाचेपासून तुकड्याच्या बाहेरच्या बाजूपर्यंतची जाडी मोजा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत अगदी सौम्य हवामानालासुद्धा २० मिमी कव्हर सांगितलंय, किनाऱ्यालगतच्या तीव्र परिस्थितीला ४५. आमच्या भागातल्या जुन्या स्लॅबांत मी आठ-दहा मिमी सर्रास पाहिलंय. काही ठिकाणी तर सळई थेट फळीवर ठेवूनच माल ओतलेला. कव्हर इतकं कमी असेल तर आज हा कोपरा पडला, उद्या शेजारचा पडणार, हे आत्ताच समजून चाला.

दुसरी तपासणी काठीची. झाडूचा दांडा किंवा हलकी हातोडी घेऊन सगळं छत एका टोकापासून ठोकत चला. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द. जिथे बद्द वाजेल तिथे पेन्सिलने कड आखून तारीख टाका. हे करताना डोळ्यांना चष्मा, डोक्यावर हेल्मेट हवंच, आणि ठोकता त्याच्या बरोबर खाली उभं राहू नका. ओल्या छतात दिव्याचा पॉइंट असेल तर आधी एमसीबी खाली करा. ही तपासणी मला फार महत्त्वाची वाटते. डोळ्यांना दिसतो एक फुटाचा खड्डा आणि पेन्सिलची कड निघते चार फुटांची, असं नेहमी होतं. खर्चाचा अंदाज चुकतो तो इथेच. आणि पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर ते उतरवल्याशिवाय कुठलाच अंदाज करू नका.

तिसरी तपासणी म्हणजे ओल कधी वाढते ते लिहून ठेवणं. फक्त पावसात वाढत असेल तर गच्ची, बाहेरची भिंत किंवा पाइपाचा जोड. बारा महिने, वरचे लोक गावाला गेले तरी ओल तशीच, तर दाबाखालची पाण्याची लाइन. ते गेले की आठवड्याभरात वाळत असेल तर वापरलेल्या पाण्याचा निचरा. एका वहीत पंधरा दिवस नोंद ठेवा, अर्धं निदान तुमचं तुम्हीच कराल. बाहेरच्या भिंतीवर पाइपाच्या जोडाजवळ पिंपळ उगवलाय का तेही बघा. पिंपळाला हात लावायला लोक कचरतात हे मला माहीत आहे. पण ज्या जोडात तो रुजला तिथे त्याला बारा महिने पाणी मिळत होतं, एवढं तरी लक्षात घ्या.

शंभर-दोनशे रुपयांतल्या

गळती पकडायला पाणी कोंडून बघायचं. वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या, तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवा, इंचभर पाणी भरा, त्यात खायचा लाल रंग टाका आणि चोवीस तास थांबा. खाली लाल ओल आली तर वॉटरप्रूफिंग गेलं. नाही आली, तर बोळा काढून दुसऱ्या रंगाचं पाणी थेट ट्रॅपमध्ये ओता. आता आली तर दोष ट्रॅपच्या किंवा पाइपाच्या जोडात. हे दोन्ही वेगळं करणं का गरजेचं, तर पहिल्यात अख्खी फरशी आणि खालचा विटांच्या तुकड्यांचा भराव उचलावा लागतो, दुसऱ्यात बहुतेक वेळा ट्रॅपभोवतीचं दोन फूट. जुन्या इमारतीत बिडाचा पाइप असेल तर संशय आधी जोडावर घ्या. मात्र खालचा स्लॅब डोळ्यांना झोळ दिल्यासारखा दिसत असेल तर पाणी भरायच्या भानगडीत पडू नका.

वरच्यांशी भांडण व्हायचं ते इथेच होतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅटमधल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती सदस्याने दुरुस्त करायची, गच्चीची सोसायटीने. लाल डागाचा तारखेसकट फोटो दाखवला की निम्मे वाद तिथेच मिटतात, असा अनुभव आहे.

तड्यांचं तसंच. तडा वाढतोय की जिथल्या तिथे आहे, हे नुसतं बघून कुणीच सांगू शकत नाही, मी पण नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची खूण आणि तारीख टाका. रुंद वाटला तर काचेची पातळ पट्टी एपॉक्सीने आडवी चिकटवा. पट्टी फुटली तर तडा जिवंत आहे. भिंत आणि बीम जिथे भेटतात तिथली आडवी रेष मात्र दर घरी असते. विटा आणि काँक्रीट ऊन-थंडीत वेगवेगळ्या मापाने हलतात म्हणून ती पडते. तिला घाबरून फोन करणारे पुष्कळ असतात आणि खांबाच्या कोपऱ्यावरून खाली उतरणाऱ्या उभ्या तड्यावर कॅलेंडर लावणारेही.

छिन्नी लावायची वेळ

आता पडलेल्या जागेत तळहाताएवढाच भाग साफ करायचा, फक्त सळई दिसण्यापुरता. पापुद्रे तारेच्या ब्रशने काढा आणि उरलेल्या लोखंडाची जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजा. नुसत्या नजरेवर जाऊ नका, फसाल. १० मिमीची सळई ९ वर आली तर वाटतं एकच मिलिमीटर गेलाय. प्रत्यक्षात क्षेत्रफळाचे १९ टक्के गेले. ८ ची ६ झाली तर ४४ टक्के. पाचवा हिस्सा गेला की नवीन सळई द्यायची का, कुठून कुठपर्यंत द्यायची, हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा मी माझ्यापुरता नियम केलाय.

त्याच ताज्या फोडलेल्या जागेवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण मारून बघता येतं. शाळेच्या प्रयोगशाळेत टायट्रेशनला वापरायचो तेच, एक टक्का, अल्कोहोलमधलं. धूळ फुंकून काढा आणि फवारा. गडद गुलाबी झालं तर काँक्रीटची अल्कली शाबूत आहे. रंग आलाच नाही तर तेवढा भाग कार्बोनेट झालाय, म्हणजे कार्बन डायऑक्साइडने त्याची अल्कली संपवलीय. गुलाबी रेष सळईच्या किती मागे सुरू होते ते पट्टीने मोजून ठेवा. इथे एक गोम आहे. कधी कधी सगळं गुलाबी येतं आणि तरी सळई खड्डे पडून खाल्लेली असते. गंज काळपट-हिरवट निघतो, उघडा पडला की थोड्या वेळाने तांबडा होतो. हे मिठाचं काम. या द्रावणाला मीठ कळत नाही, त्यासाठी काँक्रीटची पूड प्रयोगशाळेत द्यावी लागते. खाडीकाठी राहत असाल तर गुलाबी रंग बघून निश्चिंत होऊ नका.

इथे थांबायचं

आतापर्यंतचं सगळं घरच्या घरी किंवा ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन जमतं. खाली सांगतोय त्यातलं काहीही दिसलं तर छिन्नी खाली ठेवा आणि महापालिकेचा परवाना असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. कंत्राटदाराला नव्हे, मलाही नव्हे.

खांबाला कोपऱ्यावरून उभा तडा, पोट सुटल्यासारखा फुगवटा, किंवा उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा तुटून बाहेर वाकलेल्या सळया. बीमच्या टोकाशी, खांबाजवळ तिरका गेलेला तडा. एकाच खांबावर दोन-तीन मजल्यांवर तेच लक्षण. तळमजल्यावर कुणी दुकान मोठं करायला भिंत किंवा खांब छाटला असेल तर पोपडा पडायचीही वाट बघू नका. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावरच्या फेरफारात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता.

बाल्कनी आणि छज्जाबद्दल वेगळं सांगतो, कारण तिथे चांगले मिस्त्रीसुद्धा चुकतात. घरातल्या स्लॅबचं मुख्य स्टील मधल्या भागात खालच्या अंगाला असतं, बाहेर लोंबणाऱ्या बाल्कनीचं वरच्या. त्यामुळे बाल्कनीच्या खालून पोपडा पडला तर एक वेळ सवड असते. पण वरून, भिंतीलगत, लांबच लांब तडा गेला असेल तर तिथून पाय काढा आणि खाली कुणी उभं राहणार नाही असं बघा. जुनी फरशी न काढता तिच्यावर नवी बसवायची मोठी हौस असते आपल्याकडे. दोन इंचांचा कोबा म्हणजे चौरस मीटरला शंभर-सव्वाशे किलो, वर कुंड्या. आणि फरशी काढायची म्हणून वरून ब्रेकर लावला तर ज्या सळईवर बाल्कनी लटकलीय तीच उघडी पडते. खालून टेकू दिल्याशिवाय बाल्कनीचा वरचा भाग फोडायचा नाही, मग घाई कितीही असो.

आणि इमारतीतून ताजे तडकल्याचे आवाज येत असतील, छतातून धूळ झरत असेल, कालपर्यंत नीट लागणारे दरवाजे एकाएकी अडकायला लागले असतील, तर तपासण्या वगैरे काही नाही. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि मग अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. मुंबईत महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे.

इंजिनिअर आला की तो काय करतो? रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक या चाचण्या बहुतेक ठिकाणी होतात. हॅमर फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, त्यावरून काढलेली ताकद २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकते. नुसत्या हॅमरवर इमारत पास-नापास करणारा अहवाल मी गंभीरपणे घेत नाही. अल्ट्रासॉनिकमध्ये काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवतात, त्यांचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट ठीक, तीनच्या खाली असेल तर शंका. हाफसेल चाचणीत सळईचं विद्युत विभव मोजतात, त्यात उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर तिथे सळई गंजत असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर. खरी ताकद कळते ती कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, कापून काढून. अहवालाच्या शेवटी वर्ग लिहिलेला असतो. सी-१ म्हणजे खाली करून पाडायची, सी-२अ म्हणजे खाली करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे राहत असतानाच मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ.

मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे ३० वर्षं झालेल्या इमारतीला ही तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, बंधनकारक आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांपर्यंत पाच वर्षांतून एकदा आणि पुढे तीन वर्षांतून एकदा असं म्हटलंय. एकच बघा, ऑडिट करणारा आणि दुरुस्तीचं कंत्राट घेणारा एकच माणूस नसावा.

दुरुस्ती का टिकत नाही

डोंबिवलीतल्या एका फ्लॅटचं उदाहरण देतो. तिथे पहिल्यांदा चूक मीच केली होती. निवृत्त काका, दुसरा मजला, बाथरूमचं छत. मी सुटलेला भाग पाडला, सळई घासली, प्लास्टर केलं. दोन पावसाळ्यांनी पडलं. दुसऱ्यांदा महागडं पॉलिमर मॉर्टर वापरलं, पण फोडलं पुन्हा सळईच्या समोरपर्यंतच. सळईच्या मागची बाजू गंजलेली तशीच आत राहिली. ते अडीच वर्षं टिकलं, मॉर्टर महाग होतं म्हणून असेल.

तिसऱ्यांदा आधी वरच्या घरातला नहाणी ट्रॅप बदलून घेतला आणि छत वाळेपर्यंत दीड महिना थांबलो. मग इंजिनिअरने सांगितले तसे टेकू लावले. जुने स्लॅब चार-साडेचार इंचांचे, त्यातला दीड-दोन इंच फोडायचा म्हणजे टेकू हवेतच. सळईच्या मागे बोट जाईल इतकी जागा केली, म्हणजे इंचभर. लांबीला स्वच्छ, न गंजलेली सळई दिसेपर्यंत आणि तिच्याही पुढे चार इंच गेलो. चारही बाजूंनी घासून गंजरोधक कोट दिला, दोन ठिकाणी नवीन सळई जोडली, जुनं-नवं जोडणारा बाँड कोट चिकट असतानाच मॉर्टर दाबून भरलं, थराथराने, एका वेळी अर्धा इंच. मग सात दिवस पाणी. छताला पाणी मारायला सगळ्यांनाच कंटाळा येतो, म्हणून फवाऱ्याचा पंप काकांच्याच हातात दिला.

या वेळी मिस्त्रीला एका गोष्टीवरून ओरडलो होतो. गंज काढायला त्याने फरशी धुवायचं ॲसिड आणलं होतं. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे ज्या क्लोराइडपासून सळई वाचवायची तेच आपल्या हाताने चोपडायचं. वरच्या मजल्यावर दर रविवारी बाथरूम ॲसिडने घासत असतील आणि सांधे उघडे असतील तर तेही हळूहळू इथेच उतरतं.

एवढं सगळं करूनही खाडीकाठच्या इमारतीत ठिगळाच्या कडेने नवा गंज धरू शकतो. आधी जो भाग गंजत होता तो स्वतः झिजून शेजारच्या सळईला वाचवत होता, बॅटरीतल्या जस्तासारखा. तो आपण दुरुस्त केला की शेजारची बारी येते. मोठ्या कामात यासाठी ठिगळाच्या कडेला जस्ताच्या चकत्या सळईला बांधतात. काकांच्या घरी तेवढं बजेट नव्हतं.

त्याला आता सहा वर्षं झाली. यंदा एप्रिलमध्ये गेलो तेव्हा ठिगळ खणखणीत वाजलं. दरवाजाच्या बाजूला, ठिगळापासून फूटभरावर, वीतभर जागा बद्द वाजली. पेन्सिलने कड आखून तारीख टाकून आलोय.